डेड स्टॉक

कॉलेजात नोकरी केलेल्याला डेड स्टॉक रजिस्टर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मार्च आला की प्राचार्य एखाद्या प्राध्यापकाला बोलावतात आणि ते लांबट, कापडी पाठीचं रजिस्टर त्याच्या हातात देतात. माझ्याकडे ते सलग सहा वर्षं होतं. बाक किती, पंखे किती, त्यातले फिरणारे किती. तराजू आहे की नुसती तराजूची पेटी. जे सापडलं नाही किंवा कामाचं राहिलं नाही, त्याच्यापुढे शेऱ्याच्या रकान्यात लिहायचं : निर्लेखन प्रस्तावित. हा शब्द त्या रजिस्टरबाहेर मी कुठे ऐकला नाही. पण शब्द उपयोगी आहे. वस्तू खोलीत असते, कागदावरून जाते. कधी उलटंही होतं.

मी चंद्रपूरच्या परकोटाच्या आतला. निवृत्त झाल्यापासून सकाळी फिरायला निघालो की डोकं आपसूक गावाचा डेड स्टॉक तपासायला लागतं. खालच्या नोंदी त्या फिरण्यातल्या. क्रम लावलेला नाही. पुष्कळशा नोंदी फिरून फिरून एकाच जागी येतात : फौज उठून गेली की तिच्या जागेचं काय करायचं, आणि तिथे पोरं शिकायला बसवता येतात का.

चांदा. हे गावाचं नाव. साठच्या दशकात कागदोपत्री चंद्रपूर झालं आणि मग हळूहळू तोंडातूनही गेलं. आता ते मुख्यतः दोन पाट्यांवर आहे. एक पाटी रेल्वे स्टेशनवर, गोंदिया-नागभीड-बल्लारशा मार्गावरचं ‘चांदा फोर्ट’. दुसरी भद्रावतीला, ‘ऑर्डनन्स फॅक्टरी चांदा’. एकीत किल्ला, दुसरीत दारूगोळा. गावाने टाकलेलं नाव असं लढाईच्या सामानात तेवढं जपलं गेलं. दरवर्षी जून-जुलैत एखादा नवखा विद्यार्थी ट्रंक घेऊन चांदा फोर्टला उतरतो आणि ऑटोवाल्याला विचारतो, “चंद्रपूरला जायचे किती घेणार?” ऑटोवाला हसत नाही. आकडा सांगतो.

खिडक्या, नग पाच. चोर, विठोबा, हनुमान, मसाण, बगड. मोठे दरवाजे चार : उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा, पूर्वेला अंचलेश्वर. दरवाजातून हत्ती, गाड्या, फौज जायची. खिडकीतून माणूस, फार तर बैल. कोटातल्या या लहान दाराला आमच्याकडे खिडकीच म्हणतात, आणि हा अर्थ आता जातोय. एकदा परीक्षेचे पेपर तपासताना एका उत्तरात वाचलं, ‘किल्ल्याला हवेसाठी पाच खिडक्या ठेवल्या होत्या.’ मी अर्धा गुण दिला. संख्या बरोबर होती.

मसाण खिडकीबद्दल आजी म्हणायची, तिथून दोनदा जायचं नसते. आम्ही पोरं मुद्दाम दिवसातून चारदा जायचो.

सशाची वाट. ही वस्तू आता फक्त सांगण्यात आहे. खांडक्या बल्लाळशाह राजाच्या अंगावर व्रण होते. झरपटीच्या पात्रातल्या एका डबक्याचं पाणी लागलं आणि ते बरे झाले. पुढे तिथेच शिकारीला गेला असताना कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्यावर उलटला आणि त्याच्या मागे लागला. राणीने हे ऐकलं आणि म्हणाली, जागेत पाणी आहे, इथे गाव बसवा. ज्या वाटेने ससा धावला त्या वाटेने कोट, जिथे दोघांची झटापट झाली तिथे बुरूज. ससा उलटल्याची गोष्ट अहमदाबादचीही सांगतात, तेव्हा ससे सगळीकडेच शूर असावेत. पण परकोट सुमारे अकरा किलोमीटरचा आहे आणि सरळ म्हणून कुठे जात नाही, हे मात्र रोज पायांना कळतं. पाया पंधराव्या शतकातला मानतात. काम नंतरच्या गोंड राजांनी चालू ठेवलं. १७५१ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला. २० मे १८१८ रोजी कर्नल अॅडम्सच्या फौजेने तोफांनी भगदाड पाडून तो घेतला, आणि त्यानंतर या भिंतीवर कुणी लढलं नाही. दोनशे वर्षं होऊन गेली. एवढ्या लांबीची बिनकामाची भिंत कुठल्याही डेड स्टॉकमध्ये दुसरी नसेल.

बिनकामाची म्हटलं, ते पावसाळ्यात मागे घ्यावं लागतं. इरई आणि झरपट फुगल्या की पाणी पठाणपुऱ्याच्या बाहेरच्या वस्त्यांत शिरतं आणि कोटापाशी थबकतं. शत्रूसाठी बांधलेली भिंत पुराच्या कामी आली. २०२२ च्या जुलैत मी दरवाजाच्या आतल्या बाजूला कोरड्या चपलांनी उभा होतो आणि बाहेर माणसं डोक्यावर गाद्या घेऊन येत होती. भिंतीच्या आत असण्याचा अर्थ इतक्या उघडपणे पूर्वी दिसला नव्हता.

हत्तीवरचा सिंह. दरवाजांच्या दगडात दोन्ही अंगांना कोरलेला. जवळ जाऊन पाहा, पण सकाळी सहाच्या आत, नंतर जटपुऱ्याला वाहनं उभं राहू देत नाहीत. सिंह अंगापिंडाने मोठा, आयाळीच्या वळ्या वेणीसारख्या घातलेल्या, तोंड थोडं माणसाच्या वळणाचं. त्याच्या पायांखाली हत्ती, शेळीएवढे. हे गोंड राजांचं चिन्ह. सिंह कोरणाऱ्याने आयुष्यात सिंह पाहिलेला नसणार; त्याच्या घरामागच्या रानात वाघ होते. वाघ पाहून पाहून कोरला असता तर कसा झाला असता, याचा मी पुष्कळदा विचार करतो. आता दगडावर धुराची काजळी चढली आहे आणि हत्तींच्या सोंडा आधी दिसेनाशा झाल्या आहेत.

भिंतीवरची झाडं. वड, पिंपळ, घाणेरी. ही वस्तू निर्लेखित झाली आणि बरं झालं. १ मार्च २०१७ पासून बंडू धोतरे आणि त्यांच्या इको-प्रो संस्थेच्या पोरांनी रोज सकाळी परकोट साफ करायला घेतला. आधी लोकांना वाटलं आठवडाभर चालेल. हजारावर दिवस चाललं. बुरुजांवर जायच्या पायऱ्या गावाला नव्याने सापडल्या. कोटावरून चालता येतं हे आमच्या पिढीला ऐकून माहीत होतं, आमच्या नातवंडांना चालून.

शंभर मीटर. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या दोनशे मीटरला परवानगी लागते. परकोटाला चिकटून राहणाऱ्याच्या घरात गळणारं छप्पर आणि नकाराचं पत्र, दोन्ही असतात. किल्ला वाचला पाहिजे असं व्यासपीठावर म्हणणाऱ्या माझ्यासारख्याचं घर बहुधा एकशे एकाव्या मीटरपासून पुढे असतं.

बालेकिल्ला. नग एक. इथे जरा थांबावं लागेल.

कोटाच्या आत गोंड राजांचा वाडा होता. इंग्रजांनी तिथे तुरुंग केला. तो आजही तुरुंग आहे, चंद्रपूर जिल्हा कारागृह. लहानपणी आम्हाला तिथे राजा राहायचा हे कुणी सांगितलं नव्हतं. जेल म्हणजे जेल. राजवाडा म्हणजे सिनेमातला.

रात्री जेलचे टोल ऐकू यायचे. पहारेकरी तासातासाला लोखंडावर ठोके द्यायचा. उन्हाळ्यात सगळी गल्ली अंगणात खाटा टाकून झोपायची, तेव्हा ठोके अगदी उशाशी पडायचे. माझी बी.ए.ची तिन्ही वर्षं त्या घड्याळावर झाली. बाराचे पडले की आई म्हणायची, “बस कर आता, डोये जातीन.” दोनचे ऐकले म्हणजे आपण अभ्यासू, अशी समजूत होती. आतले लोक तेच ठोके मोजत असतील आणि त्यांची मोजणी वर्षांत चालू असेल, हे तेव्हा सुचलं नाही. टोल केव्हा ऐकू येईनासे झाले ते सांगता येत नाही. बंद झाले की रस्त्याच्या आवाजात बुडाले? शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला आहे.

तुरुंगाच्या आवारातला पिंपळ. बाबूराव पुलेश्वर शेडमाके, मोलमपल्लीचं जमीनदार घराणं. १८५७ नंतर चांद्याच्या रानात गोंड आणि रोहिले गोळा करून इंग्रजांशी लढले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना इथे पिंपळाला फाशी दिलं. वय पंचवीस. म्हणजे आज एम.ए.ला असणाऱ्या पोराचं वय. दरवर्षी २१ ऑक्टोबरला गडचिरोलीकडून, आसपासच्या गावांतून लोक येतात, पिवळे झेंडे येतात, ढोल येतात. दुसऱ्या दिवशी झाड पुन्हा सरकारी आवारातलं झाड होतं.

आणि गैबीशाह वलींचा दर्गा. तोही जेलच्या भिंतीआड. मोहरमला दार उघडतं आणि गावातले हिंदू-मुसलमान ज्या भिंतीकडे एरवी बघत नाहीत तिच्या आत रांगेने जातात. मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा आठ वर्षांचा असताना, वडिलांच्या खांद्यावर. त्यांनी दारातून वाकताना माझं डोकं हाताने दाबलं होतं, तेवढंच लक्षात आहे. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मुद्दाम भिंती पाहिल्या. कैद्यांच्या खोल्यांचं बांधकाम अलीकडचं, चुन्याने रंगवलेलं, कुठल्याही तालुक्याच्या कचेरीसारखं. बाहेरच्या भिंतीचा दगड मात्र परकोटाच्या दगडाचा सख्खा भाऊ. मागून पोलिसाने म्हटलं, “चला जी, चला, मागं मानसं हायेत.”

आता हिजलीची गोष्ट. बंगालात खरगपूरजवळ इंग्रजांनी राजकीय कैद्यांसाठी छावणी केली होती. १६ सप्टेंबर १९३१ रोजी पहारेकऱ्यांनी तिथे गोळीबार केला. संतोष मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोन नि:शस्त्र कैदी मेले. रवींद्रनाथ ठाकूर त्याचा निषेध करायला सभेत उभे राहिले. दुसऱ्या महायुद्धात त्याच इमारतीत अमेरिकी हवाई दलाचं ठाणं होतं. आणि १९५१ मध्ये तिथे देशातली पहिली आयआयटी सुरू झाली. कोठड्यांच्या त्या इमारतीत वर्ग भरले. आज ती संग्रहालय आहे आणि आसपास एक अख्खं विद्यानगर. देश नवा होता, पैसा नव्हता, इमारत रिकामी होती. एवढ्या तीन गोष्टींवर ते झालं.

आमच्याकडे इमारत कधी रिकामी झालीच नाही.

माझं मत विचाराल तर तुरुंग गावाबाहेर जावा आणि बालेकिल्ल्यात गोंडवाना विद्यापीठाचे दोन विभाग यावेत. एक इतिहासाचा, एक गोंडी भाषेचा. पिंपळ आणि दर्गा जिथे आहेत तिथे राहू द्यावेत, त्यांना कुंपण घालू नये. हे मी एकदा एका सभेत बोललो. टाळ्या पडल्या. नंतर चहाला एक गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, “सर, खरंच जागा रिकामी झाली तर तिथे पार्किंग होऊ शकते. जटपुऱ्याची गर्दी किती कमी होईल!” ते चेष्टा करत नव्हते.

बराक. मराठीत हा शब्द बहुधा महायुद्धाबरोबर घरोघरी आला आणि आता फक्त तुरुंगाच्या बातम्यांत भेटतो. बराकीचा आणि वर्गखोलीचा आराखडा एकच असतो : लांब खोली, दोन्हीकडे ओळीने खिडक्या, एका टोकाला हुकूम सोडणारा माणूस. बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार लवकर ओळखलं. युद्ध संपून वर्ष होतं न होतं तोच, २० जून १९४६ रोजी, मुंबईत मरीन लाइन्सच्या लष्करी बराकींत सिद्धार्थ कॉलेज उघडलं. चार वर्षांनी, जून १९५० मध्ये, औरंगाबादच्या छावणीत, पुन्हा लष्कराच्याच इमारतींत, दुसरं कॉलेज. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवली. तेच पुढचं मिलिंद महाविद्यालय. तो परिसर नागसेनवन. ज्या जातींतल्या माणसांना एकेकाळी पलटणीत घेतलं, शिकवलं आणि मग भरती बंद करून बाहेर ठेवलं, त्यांच्या पोरांनी पलटणीच्या बराकीत बसून पदव्या घ्याव्यात, यातली मजा बाबासाहेबांना नक्की कळत असणार. त्यांचे वडील सुभेदार होते, पलटणीच्या शाळेत शिकवणारे. छावणी आणि शाळा एकाच आवारात असू शकतात हे त्यांना घरातूनच ठाऊक होतं.

त्या बराकी पुढे सुटल्या, कॉलेजं पक्क्या इमारतींत गेली. सिद्धार्थमध्ये शिकलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारलं होतं, काय आठवतं? ते म्हणाले, “पाऊस. पत्र्यावर पाऊस लागला की सर थांबायचे आणि आम्ही सगळे पत्र्याकडे बघत बसायचो.”

चंद्रपूरला बाबासाहेब १६ ऑक्टोबर १९५६ रोजी आले, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर दोन दिवसांनी. इथे दुसरी दीक्षा झाली. त्या मैदानावर आज डॉ. आंबेडकर महाविद्यालय आहे. दरवर्षी त्या तारखेला वर्ग बंद असतात आणि मैदान भरतं. जागेचं काय करायचं, याचं बरं उत्तर आमच्या गावात एकदा तरी मिळालं होतं, एवढी नोंद.

(कॅलिफोर्नियात फोर्ट ऑर्ड नावाचा अवाढव्य लष्करी तळ १९९४ मध्ये बंद झाला आणि पुढच्याच वर्षी तिथे विद्यापीठाचे वर्ग भरले. एका वर्षात! आमच्या कॉलेजात मोडकी खुर्ची निर्लेखित व्हायला याहून जास्त वेळ लागतो.)

नागपूरची खेप. ही मात्र खरोखर निर्लेखित. २०११ पर्यंत चंद्रपूर-गडचिरोलीची सगळी कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेत नाव चुकलं, की खेप. माझं चुकलं होतं. फॉर्म मीच घाईत भरला होता. पहाटेची एस.टी., दीडशे किलोमीटर, डब्यात आईने दिलेल्या दशम्या, कामठी रोडच्या मित्राच्या खोलीवर मुक्काम. सिरोंच्याच्या पोराची खेप तर दोन दिवसांच्या प्रवासाची. ब्रह्मपुरी-नागभीडकडची पोरं छोट्या गाडीने जायची. ती नॅरोगेज २०१९ च्या नोव्हेंबरात रुंदीकरणासाठी थांबली. खेपेचं दुःख करायचं कारण नाही. पण आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी पहिलं पुस्तकाचं दुकान, पहिलं नाटक आणि पहिली दोनमजली बस त्या चुकलेल्या नावापायीच पाहिली.

२७ सप्टेंबर २०११ ची अधिसूचना आणि २ ऑक्टोबरपासून कारभार, असं गोंडवाना विद्यापीठ झालं. मुख्यालय गडचिरोलीला. दोन जिल्हे, दोन्ही रानाचे. नाव मोठं घेतलं, आणि योग्य घेतलं. भूगर्भशास्त्रज्ञांनी एका जुन्या महाखंडाला गोंडवन म्हटलं ते याच मुलखाच्या नावावरून. आमच्या खाणींतला कोळसा त्याच थरांतला. नाव गोंड राज्याचं आणि त्या राज्याची राजधानी ऐंशी किलोमीटर अलीकडे, तुरुंग सांभाळत. विद्यापीठ मात्र एमआयडीसी रोडवर, कॉम्प्लेक्समध्ये. ‘कॉम्प्लेक्स’ हा गडचिरोलीचा शब्द. १९८२ मध्ये जिल्हा वेगळा झाला तेव्हा सरकारी कचेऱ्यांसाठी जी वसाहत उभी राहिली, ती कॉम्प्लेक्स. तिथे कुणाचा वाडा नव्हता, कुणी लढलं नव्हतं. पाटीवर नाव लिहिलं की झालं.

मी पेपर तपासायला जायचो. एस.टी. मूल, सावली, व्याहाड करत वैनगंगेचा पूल ओलांडते. पूल आला की प्रवासी सवयीने नदीला हात जोडतात. चिचपल्लीच्या रानात ड्रायव्हर कधी गाडी हळू करतो, सगळे एका बाजूला झुकतात, वाघ असतो किंवा नसतो. एकदा विद्यापीठाच्या कँटीनला एटापल्लीकडचा एक विद्यार्थी समोर बसला. चंद्रपूरचा आहे म्हटल्यावर त्याने विचारलं, “सर, तुमच्या गावात किल्ला हाय म्हणते. आतमधी का हाय?”

“जेल.”

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “आमच्या गावात किल्ला नाही. कॅम्प हाय.”

कॅम्प. ही नोंद चालू स्टॉकमधली. तरी डेड स्टॉकच्या पानावर आगाऊ जागा सोडली आहे. मुरमाने भरलेल्या गोण्यांची रास, तिच्यावर काटेरी तार, कोपऱ्यात टेहळणीचा मनोरा, बाहेर हेलिकॉप्टरसाठी चुन्याने आखलेला गोल. १९९० मध्ये माओवाद्यांशी लढायला पोलिसांचं सी-६० पथक उभं राहिलं, मग केंद्रीय राखीव दलाच्या बटालियन आल्या. भामरागड, एटापल्ली, धानोरा भागात एक पिढी या गोण्यांच्या शेजारी लहानाची मोठी झाली. निवडणूक आली की शाळा दोन-चार दिवस बराकी होतात. बाकं बाहेर, बंदुका आत. म्हणजे हिजली उलटी.

पण कॅम्पातही काही वेगळं घडतंय. गडचिरोली पोलिसांनी ठाण्याठाण्यांत ‘दादालोरा खिडकी’ उघडली. जातीचा दाखला, आधार, योजनांचे फॉर्म तिथे होतात. खिडकीचा आमचा जुना अर्थ असा पुन्हा कामाला लागला : मोठ्या दरवाजाने जाता येत नाही त्याच्यासाठी भिंतीत ठेवलेलं दार. ‘एक गाव, एक वाचनालय’ म्हणून गावोगाव पुस्तकांच्या खोल्याही त्यांनीच काढल्या. वाचनालय पोलिसाने काढावं लागतं, ही काही मिरवायची गोष्ट नव्हे. खोली उघडी असते आणि पोरं बसलेली असतात, हेही खरं.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती नावाने ओळखला जाणारा माओवाद्यांचा वरिष्ठ नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. त्या दिवसापासून मला एकच प्रश्न पडतो आणि तो कुणी गंभीरपणे घेत नाही. उद्या कॅम्प उठले तर त्या जागांचं काय? चांगल्या जागा आहेत. रस्त्यालगत, पाण्याची सोय असलेल्या, वीज पोचलेल्या. विद्यापीठाने ‘विद्यापीठ आपल्या गावात’ म्हणून पदवीचे वर्ग गावात नेलेलेच आहेत. तालुक्याला एक आवार मिळालं तर वसतिगृहासाठी मुलींना गडचिरोलीपर्यंत यावं लागणार नाही. जागा कुणाच्या नावावर आहे, वनखात्याची की ग्रामसभेची, हा वाद होईल. व्हावा. मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवले तो हाच जिल्हा आहे, इथल्या ग्रामसभेला कागद वाचता येतो. एकच गोष्ट : तिथे पार्किंग होऊ नये.

सुरजागड. नावात गड. डोंगरात लोहखनिज. ट्रक जातात.

वैरागड. आरमोरी तालुका. हिऱ्यांच्या खाणींसाठी नावाजलेला. किल्ला आहे, हिरे नाहीत. सहलीला जातात.

रणगाडे. चंद्रपूर-बल्लारपूर रस्त्यावर विसापूरजवळ २०१९ मध्ये सैनिकी शाळा सुरू झाली. आवार देखणं आहे आणि त्यात लष्कराने निर्लेखित केलेले रणगाडे मांडून ठेवले आहेत. रंग ताजा असतो. एका सहलीत तिसरीतल्या एका मुलीने बाईंना विचारलं, “हा बंद पडला म्हणून शाळेत आणला का?” बाई म्हणाल्या, रांगेत चला.

कवायतीची जुनी हाफपँट, खाकी, एन.सी.सी.ची. माझी बोहारणीने नेली. बदल्यात आईला स्टीलचं पातेलं मिळालं. पातेलं अजून आहे.

आज सकाळची नोंद. साडेपाचला परकोटाशी पोचलो. अंधार होता. साफ केलेल्या भिंतीच्या कडेने बारा-पंधरा पोरंपोरी धावत होत्या. पोलीस भरतीची तयारी. यातले निम्मे गोंडवाना विद्यापीठाचे विद्यार्थी, बी.ए. दुसरं, एम.ए. पहिलं, पदवी घेता घेता भरती. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे. सशाच्या वाटेने धावतायत हे त्यांना सांगावंसं वाटलं. पण घड्याळ लावून धावणाऱ्याला थांबवू नये.

बुरुजाखालच्या मोकळ्या जागेत एक मुलगी गोळाफेक करत होती. भरतीत मुलींचा गोळा चार किलोचा असतो. तिने तो मानेशी, जबड्याखाली धरला, डावा हात पुढे काढला, दोनदा अंग हलवून अंदाज घेतला आणि फेकला. मातीत बद्दकन् आवाज झाला. मैत्रिणीने टेप धरली.

“किती?”

“पाच-वीस.”

“काल पाच-चाळीस होता ना वं?”

तिने गोळा उचलला, ओढणीने पुसला आणि पुन्हा बुरुजाला पाठ लावून उभी राहिली. मातीत तीन-चार खळगे होते. मी त्यांच्या कडेने निघालो.